चालत्या वाहनाची वाट प्रकाशकिरणानें कशी मोजितात

शेतकीच्या कामांत मोजमाप दोन प्रकारचें असतें. एक स्थिर जमिनीचें, व दुसरें त्या जमिनीवरून चालणाऱ्या अवजाराचें. पहिलें माप आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. दगड, बांध, साखळी व टिपण हीं त्याचीं साधनें. दुसऱ्या मापाची गरज मात्र पूर्वीं कोणास भासत नसे. बैलांमागून चालणारा मनुष्य नजरेनें तास सरळ ठेवी व तेवढ्यानें काम भागे. आतां ट्रॅक्टर आला, भाड्याचीं यंत्रें आलीं, आणि शेताच्या कडेस तिपाईवर लहानसें फिरतें यंत्र ठेवून त्याच्या किरणाच्या आधारें जमीन सारखी करून देणारे लोकही आले. मोजणीच्या वेळीं दिसणारें दुर्बिणीचें यंत्र व कांचेचा लोलक लावलेली काठीही आतां अपरिचित राहिली नाहीं.

ह्या यंत्रांविषयीं शेतकरीवर्गांत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात कीं, किरणानें केलेलें माप म्हणजे ब्रह्मवाक्य, त्यावर बोलणेंच नको. कोणी म्हणतात कीं, हा सारा डोळ्यांत धूळ टाकण्याचा प्रकार असून आपल्या आज्याची पाणसळच बरी. आमच्या मतें दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. किरण आपलें काम चोख करितो. पण त्याचें काम कोणतें व कोणतें नव्हे, हें ठाऊक नसेल तर त्या चोख कामापासूनही नुकसानच व्हावयाचें. चालत्या वाहनाची वाट किरणानें कशी धरितात, तिची नोंद कशी होते, आणि पैसे देणाऱ्या शेतकऱ्यानें त्यांत काय पाहून घ्यावें, हें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

वाट मोजण्याच्या जुन्या रीती

चाललेली वाट मोजण्याची जुनी युक्ति म्हणजे चाकाचे फेरे मोजणें. चाकाचा घेर ठाऊक असला व फेरे मोजले कीं अंतर आलें. सडका मोजण्यास असें चाकयंत्र फार दिवस वापरीत असत, व मोटारींतील अंतराच्या कांट्याचें मूळ तत्त्वही तेंच आहे. ह्या रीतींत दोन उणिवा आहेत. चाक चिखलांत जागच्या जागीं फिरलें, उतारावर घसरलें किंवा ढेकळांवरून उड्या घेत गेलें, म्हणजे फेऱ्यांचा व जमिनीचा मेळ राहत नाहीं. दुसरी उणीव ही कीं, चाक किती गेलें एवढेंच सांगतें. कोणत्या बाजूस गेलें हें सांगत नाहीं.

जमिनीच्या मोजणीची रीत ह्याहून निराळी. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्यांच्या पाहणीची जमाबंदी १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत सुरू झाली. इकडील मोजणीची साखळी ३३ फुटांची, व तिचे १६ आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शंकूसाखळीच्या मोजणींत प्रथम एक मूळ रेषा धरितात, शंकूनें तिच्याशीं काटकोन साधितात, आणि बांधाचें प्रत्येक वळण त्या रेषेपासून किती साखळ्या व किती आणे दूर आहे हें टिपून घेतात. ह्यांतील मर्म ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. बांधाची जागा स्वतंत्रपणें मोजली जात नाहीं. ती नेहमीं एका ठरलेल्या खुणेपासून मोजली जाते. खूण खरी तर बांध खरा.

परंतु साखळीस मोजावयाची वस्तु उभी राहिलेली लागते. जी गाडी प्रत्येक क्षणीं जागा बदलते, तिला साखळी लावावयाची कोणीं? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रकाशानें दिलें.

मोजणीच्या कामीं प्रकाशाचा उपयोग नवा नाहीं. आरशानें सूर्यकिरण दूरच्या मनुष्याकडे फेंकण्याचें उपकरण गाउस ह्या जर्मन गणितज्ञानें १८२१ सालीं काढलें, आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणींत जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांनीं दिवसा तशा आरशांचा व रात्रीं दिव्यांचा उपयोग केला. पण त्या काळीं प्रकाशानें दूरची खूण दिसे व तिचा कोन घेतां येई, इतकेंच. अंतर मोजण्यास साखळीच लागे. प्रकाशालाच साखळी करावें, ही कल्पना सिद्धीस जाण्यास आणखी शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

प्रकाशाची साखळी

प्रकाशाचा वेग सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच ह्या वेगावरून केलेली आहे. किरण पाठवून तो परत येण्यास लागलेला वेळ मोजला व त्याची निमपट वेगानें गुणिली कीं अंतर निघालें. तत्त्व सोपें आहे. अडचण वेळ मोजण्याची. दीडशें मीटरांवरील ट्रॅक्टरापर्यंत जाऊन परत येण्यास किरणास सेकंदाचा केवळ दहालक्षांवा भाग लागतो. ह्या मापांत एक सेंटिमीटरचा हिशेब पाहिजे असल्यास वेळ सेकंदाच्या पंधरा अब्जांव्या भागापर्यंत अचूक मोजावा लागेल.

ही अडचण एका युक्तीनें टाळितात. स्वीडनमधील एरिक बर्गस्ट्रँड ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत प्रकाशाचा वेग मोजण्याचे प्रयोग केले, व त्यांतूनच ‘जिओडिमीटर’ नांवाचें अंतरमापक यंत्र निघालें. ह्या जातीच्या यंत्रांत किरण एकसारखा न सोडतां तो ठराविक गतीनें कमीजास्त तेजाचा करीत सोडितात. सेकंदास दीड कोटी वेळां किरण उजळला व मंदावला, तर एका उजळण्यापासून दुसऱ्या उजळण्यापर्यंत २० मीटर अंतर पडतें.

रहाटगाडग्याच्या माळेवरून हें चांगलें समजेल. माळेंत गाडगीं सारख्या अंतरावर बांधलेलीं असतात. एक बाजू खालीं जाते व दुसरी वर येते. खालीं जाणारें गाडगें काठाशीं आलें त्या क्षणीं वर येणारें गाडगें काठापासून किती खालीं आहे, हें पाहिलें तर माळेची लांबी गाडग्यांच्या पूर्ण संख्येहून किती अधिक आहे हें कळतें. तसेंच येथें. जाणाऱ्या किरणाचें तेज व परतलेल्या किरणाचें तेज एकाच क्षणीं ताडून पाहिलें म्हणजे दोहोंतील फरकावरून अपूर्ण भाग निघतो. पूर्ण भाग किती झाले हें कळण्याकरितां तोच किरण कांहीं काळ सावकाश, म्हणजे लांब अंतराच्या गतीनेंही उजळवितात. साखळी ओढणाऱ्यांपैकीं एकानें पुऱ्या साखळ्या मोजाव्या व दुसऱ्यानें शेवटले आणे वाचावे, तसाच हा प्रकार आहे.

१९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन ह्यांनीं पहिला लेसर तयार केला. लेसरचा किरण फार थोडा पसरतो. म्हणून तो दूरपर्यंत बारीक राहतो व उन्हांतही ओळखतां येतो. पुढें ह्याच जातीचा, किंवा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण मोजणीच्या यंत्रांत आला.

परत फिरविणारा लोलक

किरण गाडीवर पडून नीट परत आला पाहिजे, ही दुसरी अट. साधा आरसा गाडीवर लावून चालत नाहीं. गाडी थोडी हलली कीं किरण भलतीकडेच जातो. ह्यासाठीं कांचेचा एक विशेष लोलक वापरितात. त्याचे तीन पृष्ठभाग, खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन मिळतात त्याप्रमाणें, परस्परांशीं काटकोनांत असतात. किरण ह्या तिन्ही पृष्ठांवरून उसळून ज्या दिशेनें आला त्याच दिशेनें परत फिरतो. लोलक थोडा वांकडातिकडा झाला तरी परतीची दिशा बदलत नाहीं. हेलकावे खाणाऱ्या वाहनास हाच लोलक उपयोगी पडतो, ह्याचें कारण हेंच.

ह्या लोलकाचें सामर्थ्य केवढें आहे ह्याचें एक विलक्षण उदाहरण आपल्या शेतापासून फार दूरचें, म्हणजे चंद्रावरचें आहे. रशियानें १७ नोव्हेंबर १९७० रोजीं लुनोखोद-१ नांवाची माणसावांचून चालणारी गाडी चंद्रावर उतरविली. तिला चालण्याचीं आठ चाकें होतीं, वाट मोजण्याकरितां एक नववें मोकळें चाक होतें, आणि फ्रान्समध्यें तयार केलेला १४ लोलकांचा एक संच तिच्यावर बसविला होता. गाडी सुमारें साडेदहा किलोमीटर चालली आणि सप्टेंबर १९७१ मध्यें तिचा संदेश बंद पडला. ती नेमकी कोठें उभी आहे हें पुढें जवळजवळ चाळीस वर्षें पृथ्वीवरून किरण टाकणारांस सांपडेना. २०१० सालीं चंद्राभोवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानाच्या छायाचित्रांत ती दिसली. त्या जागेवर २२ एप्रिल २०१० रोजीं न्यू मेक्सिकोंतील अपाचे पॉइंट वेधशाळेंतून लेसर टाकिला, आणि सुमारें अडीच सेकंदांनीं प्रकाश परत आला. इतकीं वर्षें ऊन व थंडी सोसून लोलक शाबूत होते.

ह्यांत घेण्यासारखा बोध दुहेरी आहे. लोलक जागेवर होता, किरणही होता. पण किरण कोणत्या जागीं टाकावा हें निश्चित नव्हतें, म्हणून गाडी हरवलेलीच राहिली. दुसरें असें कीं, ह्याच जातीची लुनोखोद-२ ही गाडी १९७३ सालीं चंद्रावर फिरली, तेव्हां तिची वाट ३७ किलोमीटर धरिली होती. पुढें छायाचित्रांत उमटलेली तिची चाकोरी मोजली तों ती सुमारें ३९ किलोमीटर भरली. चाललेल्या वाटेची खरी साक्ष बाहेरून घ्यावी लागते, हें ह्यावरून दिसून येईल. आपल्या देशाच्या चांद्रयान-३ मधील विक्रम ह्या यंत्रावरही लोलकांचा असाच एक संच असून, १२ डिसेंबर २०२३ रोजीं चंद्राभोवतीं फिरणाऱ्या त्याच अमेरिकन यानानें त्यावर लेसर टाकून परतलेला प्रकाश टिपला.

मागोमाग वळणारी दुर्बीण

आतां पुनः जमिनीवर येऊं. एका ठिकाणीं यंत्र उभें केलें, गाडीवर लोलक लाविला व अंतर मोजलें, तरी गाडी कोठें आहे हें पुरतें कळत नाहीं. कारण शंभर मीटरांवर म्हणजे चहूंकडे शंभर मीटरांवर. म्हणून अंतराबरोबर दोन कोन लागतात. एक आडवा, ठरलेल्या खुणेच्या दिशेपासून गाडी किती बाजूस आहे तो; व दुसरा उभा, ती किती वर किंवा खालीं आहे तो. अंतर, आडवा कोन व उभा कोन ह्या तीन आंकड्यांवरून गाडीवरील लोलकाची जागा निश्चित होते. हे तीनही आंकडे देणाऱ्या यंत्रास टोटल स्टेशन म्हणतात, व आमच्या राज्याच्या भूमि अभिलेख खात्यानें तें मोजणीसाठीं वापरलेलें आहे.

साध्या टोटल स्टेशनची दुर्बीण माणसानें वळवावी लागते. चालत्या वाहनामागें हात इतका वेगानें व अचूक वळत नाहीं. म्हणून दुर्बीण आपोआप वळविणारीं यंत्रें निघालीं. त्यांपैकीं पहिलें १९९० सालीं स्वीडनमध्येंच तयार झालें. त्याची कृति अशी: परत आलेला प्रकाश यंत्रांतील एका संवेदक चकतीवर पडतो. तिचे चार खण आहेत असें समजावें. चारही खणांत प्रकाश सारखा पडला तर लोलक दुर्बिणीच्या बरोबर मध्यावर आहे. उजव्या खणांत अधिक पडला तर लोलक एका बाजूस सरकला. लगेच लहान विजेची मोटर दुर्बीण तितकी वळविते व प्रकाश पुनः मध्यावर आणिते. कांहीं यंत्रांत चकतीऐवजीं सूक्ष्म कॅमेरा हेंच काम करितो. सूर्यफूल सूर्याकडे वळतें म्हणतात, तशी ही दुर्बीण लोलकाकडे वळत राहते. झाड आड आल्यानें किरण तुटला, तर गाडी ज्या वेगानें व ज्या दिशेस चालली होती त्या अंदाजानें दुर्बीण पुढें जाऊन तिचा शोध घेते.

अशा रीतीनें सेकंदास अनेक वेळां तिन्ही आंकडे वाचले जातात, व प्रत्येक वाचनाबरोबर वेळही नोंदला जातो. हीच वाटेची नोंद. सेकंदास दहा वाचनें व ट्रॅक्टरचा वेग सेकंदास दोन मीटर, म्हणजे ताशीं सुमारें सात किलोमीटर, धरिला तर वीस-वीस सेंटिमीटरांवर एक ठिपका पडतो. ठिपके जोडले कीं वाट कागदावर उमटते. आणि वेळ नोंदलेला असल्यामुळें कोठें वेग किती होता, कोठें ट्रॅक्टर थांबला, कोठें एकच पट्टा दोनदां नांगरला गेला, हें सर्व वाचतां येतें.

रस्त्यावर मोटारींचा वेग धरण्यासाठीं पोलीस वापरितात तें लेसर यंत्र ह्याच कुळांतलें. पण तें केवळ अंतर किती लवकर बदलतें एवढें पाहतें, वाट काढीत नाहीं.

शेतांतील उपयोग

शेतकऱ्यास ह्या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग मुख्यतः जमीन सारखी करण्याच्या कामीं होतो, आणि तेथें तिचें सर्वांत सोपें रूप दिसतें. तिपाईवरचें यंत्र मिनिटास कित्येक शें फेरे घेऊन किरण चहूंकडे फिरवितें, त्यामुळें शेतावर प्रकाशाचें एक अदृश्य पातें पसरल्यासारखें होतें. ट्रॅक्टरमागील केणीवर उभा दांडा असतो व दांड्यावर किरण ओळखणारा ग्राहक. किरण ग्राहकाच्या मध्याच्या वर लागला तर केणी खालीं गेली आहे असें समजून तेलाच्या दाबानें तिचें पातें उचललें जातें. मध्याच्या खालीं लागला तर तें उतरविलें जातें. येथें वाहनाची आडवी वाट मोजीत नाहींत. फक्त त्याची उंची क्षणोक्षणीं धरिली जाते. बैलाची केणी हांकणारा जें काम नजरेनें करी, तेंच येथें किरण करितो.

ह्यापासून लाभ काय, हें एका साध्या हिशेबावरून समजेल. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाणी चढविण्यास एक लक्ष लिटर पाणी लागतें. शेतांत एक उंचवटा पांच सेंटिमीटर वर असेल, तर तो भिजेपर्यंत बाकीच्या शेतांत पांच सेंटिमीटर पाणी जास्त भरावें लागतें. म्हणजे पाण्याचा व पंपाच्या विजेचा केवढा खर्च होतो तो पाहावा. शिवाय खोलगट जागीं पीक पिवळें पडतें तें निराळेंच. हरियाणा व पंजाब प्रांतांत झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, लेसरनें सारख्या केलेल्या भातशेतांत एका हंगामांत हेक्टरीं ४७ ते ६९ तास पाणी देणें वांचलें, व उत्पन्न सुमारें शेंकडा ७ नें वाढलें, असें आढळलें. तिकडील जमीन खोल व सपाट आहे. आपल्याकडील उथळ जमिनीस हे आंकडे जसेच्या तसे लागू करूं नयेत, ही सूचना येथेंच देऊन ठेवितों.

पूर्ण वाट टिपणाऱ्या दुर्बिणीचा उपयोग शेतकी संशोधनांत होतो. उपग्रहाच्या मदतीनें आपोआप चालणाऱ्या ट्रॅक्टरचा तास किती सरळ येतो, ह्याची परीक्षा घ्यावयाची तर उपग्रहाचीच साक्ष चालत नाहीं. साक्षीदार तिऱ्हाईत लागतो. अशा वेळीं ट्रॅक्टरवर लोलक लावून बाहेरच्या दुर्बिणीनें त्याची वाट काढितात व दोन्ही नोंदी ताडून पाहतात. भुयारांत उपग्रहाचा संदेश पोंचत नाहीं. म्हणून भुयार खणणाऱ्या यंत्रांसही किरणानेंच वाट दाखवितात. उघड्या माळावर उपग्रह सोयीचा, तर आडोशाच्या जागीं किंवा उंचीचें बारीक माप हवें तेथें किरण सोयीचा. किरणास मात्र दोहोंमध्यें दृष्टीची मोकळी रेषा पाहिजे, ही त्याची मर्यादा आहे.

चुका कोठें शिरतात

यंत्राच्या आंकड्यांत दशांशापुढें तीन घरें छापलेलीं पाहून मनुष्य भारावून जातो. पण चूक शिरण्याचीं दारें अनेक आहेत.

पहिलें दार कोनाचें. अंशाचे ६० भाग म्हणजे कला, व कलेचे ६० भाग म्हणजे विकला. पांच विकलांची चूक ही डोळ्यांस न कळणारी. पण २०० मीटरांवर तिच्यामुळें पांच मिलिमीटरचा फरक पडतो. अंतर वाढेल तसा तो वाढत जातो. मऊ भुईंत तिपाईचा एक पाय किंचित् खचला तर ह्याच्या कितीतरी पट चूक होते.

दुसरें दार दांड्याचें. लोलक गाडीवर तीन मीटर उंच लाविला असेल व गाडी दोन अंशांनीं कलली, तर लोलक दहा सेंटिमीटरांहून अधिक बाजूस जातो. यंत्र लोलकाची वाट काढितें, चाकांची नव्हे. गवत भरलेल्या गाडीचा माथा खांचेंत कसा झुलतो तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें अधिक सांगणें नको.

तिसरें दार वेळेचें. अंतर एका क्षणीं वाचलें व कोन सेकंदाच्या दशांशानें मागाहून वाचला, तर मधल्या काळांत वर सांगितलेला ट्रॅक्टर वीस सेंटिमीटर पुढें गेलेला असतो. उभ्या वस्तूच्या मापांत ही चूक मुळींच नसते. चालत्या वस्तूच्या मापांत ती सर्वांत मोठी होऊं शकते. चांगल्या यंत्रांत तिन्ही आंकडे एका क्षणावर आणण्याची व्यवस्था असते.

चवथें दार हवेचें. तापमानांत एक अंशाची चूक धरिली तर किलोमीटरास सुमारें एक मिलिमीटर फरक पडतो. आपल्या शेताच्या अंतरांत ती गोष्ट क्षुल्लक आहे. पण वैशाखांतील दुपारीं तापलेल्या रानावर हवा लहरते, त्यानें किरण थरथरतो. आणि नांगरटीची धूळ उडाली तर तो तुटतो.

पांचवें दार पृथ्वीच्या गोलाईचें. सरळ किरण ३०० मीटरांवर पृथ्वीच्या पातळीहून सुमारें सात मिलिमीटर वर असतो. १०० मीटरांवर हाच फरक एक मिलिमीटरही नसतो. ह्यासाठीं फिरतें यंत्र शेताच्या एका टोंकास न ठेवितां साधेल तितकें मध्यावर ठेवणें बरें.

हीं सर्व दारें लावून घेतलीं तरी एक दार असें आहे कीं, तें यंत्रास दिसतच नाहीं. तें म्हणजे मूळ खुणेचें. ज्या दगडापासून यंत्रानें आरंभ केला तो दगडच हाललेला असेल, तर पुढचे सर्व आंकडे मिलिमीटरपर्यंत सुसंगत येतील, आणि सर्वच चुकीचे असतील. बांध कोरणाऱ्यानें दगड हातभर सरकविला तर किरण त्यास जाब विचारीत नाहीं. महसूल खात्यांतील नोकरींत हद्दीच्या तंट्याचे जे अनेक कागद आमच्या हातांखालून गेले, त्यांत साखळी चुकल्याचीं प्रकरणें थोडीं, व खूण नाहींशी झाल्याचीं फार, असेंच आमच्या पाहण्यांत आलें. यंत्र बदललें म्हणून ही गोष्ट बदलत नाहीं.

शेतकऱ्यानें काय पाहावें

वरील विवेचनावरून व्यवहारांत उपयोगी पडतील अशा कांहीं सूचना खालीं देत आहों.

१. यंत्र उभें करण्यापूर्वीं शेताजवळ न हालणारी एक खूण ठरवावी. विहिरीच्या बांधीव कांठाचा दगड, पुलाचा कठडा किंवा सिमेंटचा खांब चालेल. मातीचा बांध किंवा झाडाची फांदी चालणार नाहीं. तिची उंची आरंभीं लिहून घ्यावी.

२. काम चालू असतां मधून मधून, व शेवटीं अवश्य, त्याच खुणेवर पुनः वाचन घ्यावयास लावावें. दोन्ही वाचनें जुळलीं तर मधलें काम विश्वासाचें. जुळलीं नाहींत तर तिपाई हालली असें समजून तपास करावा. ह्या एका तपासणीस पांच मिनिटेंही लागत नाहींत, आणि भाडेकऱ्यानें ती टाळूं म्हटलें तरी आपण टाळूं नये.

३. केणी लावण्यापूर्वीं सबंध शेताच्या उंचीचीं वाचनें सारख्या अंतरावर घ्यावीं व त्यांची सरासरी काढावी. सरासरीच्या पातळीवर पातें लाविलें तर उंचवट्याची माती खळग्यांत बसते. वाचनें न घेतां अंदाजानें काम सुरू केलें तर अर्धें शेत झाल्यावर माती कमी पडते, व तोंवर भाड्याचे तास चढलेले असतात.

४. ज्या जमिनींत वीतभर मातीखालीं मुरूम आहे, तेथें माती कापण्याची मर्यादा आधीं ठरवून द्यावी. किरणास पातळी कळते, मातीचा कस कळत नाहीं. सबंध शेत एका पातळींत आणण्यापेक्षां दोन-तीन वाफ्यांच्या पायऱ्या करणें अशा जमिनीस अधिक हितावह होय.

५. पाण्याचा उतार ज्या बाजूस हवा तो आपण सांगावा. यंत्र अगदीं सपाट जमीन करील किंवा १०० मीटरांत १० सेंटिमीटर उतारही देईल. पण निचरा कोणीकडे व्हावा हें त्यास ठाऊक नसतें.

६. वाऱ्याच्या व कडक उन्हाच्या वेळीं काम घेऊं नये. सकाळची वेळ उत्तम. किरणाच्या उंचीवर डोळा धरून पाहूं नये व मुलांस यंत्राजवळ जाऊं देऊं नये.

७. कामाची नोंद मागून घ्यावी. तींत तारीख, यंत्राची जागा, आरंभीं व शेवटीं खुणेवर घेतलेलीं वाचनें, आणि वाट टिपली असल्यास तिचा नकाशा असावा. भाडें एकरावर ठरलें असेल तर त्या नकाशावरून किती क्षेत्रांत काम झालें हें दोघांसही पाहतां येतें, व तंट्यास कारण राहत नाहीं.

८. ट्रॅक्टरच्या वाटेचा नकाशा हा हद्दीचा पुरावा नव्हे. ट्रॅक्टर कोठून गेला एवढेंच तो सांगतो; तेथून जाण्याचा हक्क होता कीं नाहीं हें सांगत नाहीं. शेजाऱ्याशीं हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयांत रीतसर मोजणीचा अर्ज करावा, व मोजणीच्या दिवशीं आपले दगड उघडे करून स्वतः हजर राहावें.

ह्या सूचनांपैकीं बहुतेक नव्या नाहींत. आरंभीं खूण पाहावी, शेवटीं पुनः त्याच खुणेवर यावें, व झालें तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, हा नियम साखळीच्या काळापासून चालत आला आहे. किरणानें काम जलद झालें, बारीक झालें, आणि जी वस्तु पूर्वीं मोजतांच येत नसे, म्हणजे चालत्या अवजाराची वाट, ती आतां कागदावर आली. परंतु खुणेचा दगड राखण्याचें काम त्यानें आपल्या अंगावर घेतलेलें नाहीं. तें शेतकऱ्याचेंच राहिलें आहे. पावसाळा संपल्यावर एकदां आपल्या शेताच्या चारही कोपऱ्यांस जाऊन दगड जागेवर आहेत कीं नाहींत हें प्रत्येकानें पाहावें, उघडे पडलेले पक्के करावे, व नाहींसे झाले असतील त्यांविषयीं वेळींच रीतसर दाद मागावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.